पाणसळीत आणलेले विमान

वहिनींनी खोका सुताराच्या कामाच्या टेबलावर ठेवण्यापूर्वी फुंकर घालून तेथील भुसा उडवला, मग तो दोन्ही हातांनी अलगद टेकवला, आणि आत तान्हे मूल निजले असावे अशा आवाजात त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी सांगितलंय, फक्त माप घ्यायचं. हात लावायचा नाही."

"हात न लावता माप कसं घेऊ, वहिनी? लांबून हाका मारून?"

"ते मला माहीत नाही. ह्यांचं वाक्य मी जसंच्या तसं आणलंय. अजून एक वाक्य आहे."

"सांगा."

"‘जास्त तासू नको म्हणावं.’"

कानावर ठेवण्यासाठी उचललेली सुताराची पेन्सिल मध्येच थांबली. वाक्य टोचणारे होते यात संशय नाही. तथापि थोरल्या भावाकडून आलेले गेल्या सहा वर्षांतील ते पहिलेच वाक्य होते, आणि उपाशी मनुष्य ज्याप्रमाणे शिळे-ताजे पाहत नाही, त्याप्रमाणे सुताराने ते निमूटपणे पदरात पाडून घेतले.

या अबोल्याचे मूळ एका दारात होते. सहा वर्षांपूर्वी सुताराने थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात भिंतीतील कपाट बसवून दिले, आणि त्याचे एक दार लावल्यावर बोटभर फट राहू लागली. "तू जास्त तासलंस," दादा म्हणाले. "भिंत वाकडी आहे," सुतार म्हणाला. एवढ्या दोन वाक्यांवर दोन सख्ख्या भावांचे संभाषण जे संपले ते संपलेच. जावाजावांचे येणे-जाणे, वाट्यांची देवाण-घेवाण सुरळीत चालू राहिली. भाऊ मात्र रस्त्यात समोरासमोर आले तर दुकानांच्या पाट्या वाचू लागत. वस्तुतः भिंत सरळ होती. सुताराने त्याच दिवशी कोणाचे लक्ष नसताना तिला ओळंबा लावून पाहिला होता. परंतु मनुष्याच्या तोंडून एकदा ‘भिंत वाकडी’ असे शब्द बाहेर पडले, म्हणजे त्यास त्या भिंतीशी जन्मभर एकनिष्ठ राहावे लागते.

दादा विमानदुरुस्तीच्या कारखान्यात एकतीस वर्षे मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी प्लास्टिकच्या एकशे बेचाळीस सुट्या तुकड्यांचा एक संच मागवला, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्या विमानाला त्यांचा हात लागला होता, त्या जुन्या, दोन पंख्यांच्या प्रवासी विमानाची हातभर लांबीची प्रतिकृती दोन वर्षे खपून उभी केली. ती पुरी झाल्यानंतर डोळ्यातील मोतीबिंदू पिकत गेला. आता शस्त्रक्रियेसाठी ते लेकीच्या गावी दहा दिवस जाणार होते, आणि परत येईपर्यंत विमानासाठी लाकडी बैठक व काचेची पेटी तयार असावी अशी त्यांची इच्छा होती. गावात सुतारांना तोटा नव्हता. असे असता दादांनी खोका धाकट्या भावाकडेच पाठवला, यातच सर्व काही आले.

वहिनी गेल्यावर सुताराची बायको ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "माप घ्या आणि झाकून ठेवा बघू."

"मापच तर घेतोय."

"मी तुमचा हात बघतेय. तो माप नाही घेत, कुरवाळतोय."

माप घ्यायचे म्हणजे विमान कापसातून काढून टेबलावर ठेवणे प्राप्तच होते. सुताराने ते ठेवले आणि त्याच्या मस्तकात सणक गेली. विमानाचे नाक वर होते आणि शेपूट खाली. पुढे दोन मोठी चाके, आणि मागे शेपटीखाली वाटाण्याएवढे एक. त्याने टेबलाला पाणसळ लावली. टेबल बरोबर होते. मग आपल्याजवळची सर्वांत लहान पाणसळ त्याने श्वास रोखून विमानाच्या पाठीवर ठेवली. आतील बुडबुडा पळत जाऊन नाकाकडील टोकाला बसला आणि तेथून हलेना.

"अगं, हे बघ! दादाचे डोळे किती गेले होते बघ! विमान मागे बसलंय आणि त्याला दिसलंसुद्धा नाही."

"मागचं चाक छोटंच असेल हो त्याचं."

"कुठल्या गाडीचं मागचं चाक छोटं असतं?"

"ट्रॅक्टरचं पुढचं असतं."

"ट्रॅक्टर उडतो का?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. निदान सुतार तसे धरून चालला. तीस वर्षांच्या व्यवसायात त्याच्या हातून एकही वस्तू पाणसळीबाहेर गेलेली नव्हती, एक दार सोडल्यास. आणि आता सख्ख्या भावाची दोन वर्षांची तपश्चर्या वाकडी दिसत असताना तीवर मुकाट्याने काच बसवावी, हा त्याला केवळ आळस नव्हे, विश्वासघात वाटला. त्याने शेपटीखाली पातळशी पाचर सरकवली. पाचर जरा कमी पडली म्हणून जरा दाबली. तेव्हा ‘कट’ असा एक आवाज झाला, जो फार मोठा नव्हता, पण सुताराला तो पुढे दहा दिवस ऐकू येत राहिला.

मागचे चाक आपल्या बारीक पायासकट भुशात पडले. सुताराने खोलीतील सगळा भुसा पिठाच्या चाळणीने चाळला. तीन खिळे, एक बटण व बायकोची दोन वर्षांपूर्वी हरवलेली कानातली फिरकी सापडली. चाक सापडले नाही.

"फिरकी तरी मिळाली," बायको म्हणाली.

खोक्याच्या तळाशी उरलेल्या तुकड्यांची एक पिशवी होती. तीत नेमका एक बारीक पाय होता, मोडलेल्या पायासारखाच, पण चांगला लांब. सुताराचा चेहरा उजळला. दादांनी अंधुक दिसत असल्यामुळे लांब पायाच्या जागी आखूड पाय लावला असला पाहिजे, आणि खरा पाय बिचारा पिशवीत पडून राहिला, असा त्याने सरळ हिशेब मांडला. लगेच चिकटणाऱ्या डिंकाचे चार थेंब देऊन त्याने तो जागेवर बसवला आणि पुन्हा पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला. सुताराने समाधानाचा निःश्वास टाकला, आणि रंध्याची धूळ बसू नये म्हणून विमान बायकोच्या घट्ट झाकणाच्या सर्वांत मोठ्या डब्यात ठेवून झाकण लावले.

सकाळी डबा उघडला, तो विमानाच्या सर्व खिडक्या आंधळ्या झाल्या होत्या. डिंकाची वाफ कोंडलेल्या डब्यात रात्रभर फिरून काचांवर पांढरी बसली होती. काल ज्या खिडक्यांतून आतील खुर्च्या मोजता येत होत्या, त्या आज गोठलेल्या तुपासारख्या दिसत होत्या.

"पुसा ना फडक्याने," बायको म्हणाली.

"आतून आलंय."

"मग आत जा."

सुताराने बाहेरून का होईना पुसून पाहायचे ठरवले, आणि पुसता पुसता त्याच्या बोटांना पंखावर काहीतरी लागले. बारीक बारीक दाणे. एक-दोन नव्हे, ओळीने शेकडो. ओल्या पॉलिशवर धूळ बसली म्हणजे असेच दाणे उठतात, हे प्रत्येक सुतार जाणतो, आणि त्यावरचा उपायही प्रत्येक सुतार जाणतो. खिडक्यांचे जे नुकसान आपल्या हातून झाले, त्याची भरपाई म्हणून निदान दादांच्या रंगातील ही धूळ तरी काढून द्यावी, या शुद्ध हेतूने त्याने सर्वांत मऊ पॉलिश पेपर घेतला आणि दाणे घासून काढले. पंख लोण्यासारखा झाला. मात्र दाण्यांबरोबर चंदेरी रंगही निघाला, सबब दुसरा पंखही घासणे भाग पडले. दोन्ही पंख गुळगुळीत झाल्यावर मधले धड खरखरीत दिसू लागले, तेव्हा तेही घासले. धड घासल्यावर लक्षात आले की त्याला जागोजागी भेगा आहेत, उभ्या आणि आडव्या, सुतासारख्या सरळ.

"जोड उघडे राहिलेत," सुतार दुःखाने म्हणाला. "बिचाऱ्याला दिसतच नसणार."

त्याने लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी कालवली आणि एकही भेग शिल्लक ठेवली नाही.

त्याच दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बांधली आहे, सर्व ठीक. "विमान बरं आहे ना, असं विचारायला सांगितलंय."

"बरं आहे," सुतार म्हणाला. "आरामात आहे."

आता केवळ रंगाचा एक हात द्यायचा राहिला होता. पलीकडच्या गल्लीत एक रंगारी राहत असे, ज्याला सगळे ‘डबलकोट’ म्हणत. कारण भिंत असो, खुर्ची असो की आयुष्यातील अडचण असो, दोन हात दिल्याशिवाय काही बसत नाही, असे त्याचे ठाम मत होते. सुताराने त्याच्याकडून चंदेरी रंगाचा डबा आणला.

"प्लास्टिकला चालेल ना रे?"

"माझा चंदेरी फाटकाला चालतो, टाकीला चालतो, जिन्याच्या कठड्याला चालतो. तुझं विमान काय फाटकापेक्षा मोठं लागून गेलं?"

"तसं नाही, नाजूक आहे."

"मग थिनर सढळ हाताने घाल. पातळ बसेल. आणि ऐक, एका हातावर थांबू नको."

सुताराने थिनर सढळ हाताने घातला. पहिला हात सुंदर बसला. तो डाव्या पंखाच्या टोकाशी जरा ओघळला म्हणून त्याने ब्रश पुन्हा फिरवला, तेव्हा ब्रशाबरोबर पंखही थोडा आला. त्याने घाबरून हात काढून घेतला. पंखाचे टोक हळूहळू, कोणाला दोष न देता, खाली झुकू लागले आणि चार बोटे झुकून थांबले. पृष्ठभागावर सायीसारख्या सुरकुत्या पडल्या.

डबलकोटला बोलावून आणले. त्याने पंख पाहिला, डबा हुंगला आणि विचारले, "हात किती दिलेस?"

"एक."

"बघ! मी सांगितलं होतं."

पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला. पट्टी काढली. "भाऊजी, ह्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय!"

"वा," सुतार खुर्चीत बसत म्हणाला. "नुसतं कॅलेंडर, की तारीखसुद्धा?"

"तारीखसुद्धा!"

सहाव्या दिवशी सुताराने लांबीचा डबा उचलला, तेव्हा त्याखाली इतके दिवस टेकण म्हणून वापरलेले खोक्याचे झाकण त्याने प्रथमच उलटे करून पाहिले. झाकणावर चित्र होते. खऱ्या विमानाचे. धावपट्टीवर ते उभे होते, नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीला टेकलेली, जशी टेकायची तशी. पंखांवर आणि धडावर पत्रे जोडणारे रिव्हेट ओळीने चमकत होते, शेकड्यांनी. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा उभ्या-आडव्या, सुतासारख्या सरळ. चित्राशेजारी सुट्या भागांची यादी होती, तीत तो लांब पायही होता. खाली छापले होते की, विमान दुरुस्तीला घेतल्यावर शेपटी उचलून धरण्याचा हा आधार आहे, हवा असल्यास विमानाशेजारी ठेवावा.

सुताराने ते दोनदा वाचले. मग त्याने बायकोला हाक मारली. तिने चित्र पाहिले, विमान पाहिले.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "जे जे बरोबर होतं, तेवढंच तुम्ही काढलंत."

त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

नंतरचे दोन दिवस त्याने रिव्हेट परत आणण्यात घालवले. सुईच्या टोकाने डिंकाचा थेंब उचलायचा, पंखावर ठेवायचा, श्वास सोडायचा, दुसरा उचलायचा. दुपारपर्यंत एकशे चाळीस झाले. दुरून पाहता विमानाला गोवर आल्यासारखा दिसत होता. त्याने ते पुसले, तर विमान गोवर जाऊन रंगही गेल्यासारखे दिसू लागले. फोन मात्र नियमाने येत होते. दादांना आता सुईचे नेढे दिसते. दादांनी काल जावयाच्या शर्टावरची एक उसवलेला टाका ओळखला. दादांनी आज भिंतीवर चाललेल्या मुंग्या मोजल्या, तेवीस निघाल्या. डॉक्टर म्हणाले, इतका स्वच्छ डोळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही.

एका सकाळी दाढी करताना सुताराच्या मनात विचार आला की डॉक्टरांच्या हाताला थोडे कमी यश आले असते तर फार काही बिघडले नसते. विचार पुरा होताच त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने साबणाच्या फेसासकट स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. अर्ध्या तासाने फोन वाजला. या वेळी वहिनी नव्हत्या.

"कोण? तू का?" दादांचा आवाज. सहा वर्षांनी.

"हो, दादा."

"पेटी झाली?"

"झाली."

"मला औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचता येतंय रे. आल्यावर पहिलं ते विमान बघायचंय. दोन वर्षं मी ते जवळजवळ चाचपडतच केलं. आता कळेल, काय केलं ते."

"दादा, मला तुला एक..."

"आल्यावर बोलू. फोनवर नको. सहा वर्षांचं आहे, समोर बसून बोलू." आणि फोन ठेवला.

सुताराने रिसीव्हर ठेवला. ज्या शब्दांची त्याने सहा वर्षे वाट पाहिली होती ते शब्द आले होते, आणि त्यांच्या बदल्यात देण्यासाठी त्याच्याजवळ गुळगुळीत, आंधळे, एका पंखाने लुळे असे एक विमान होते. त्याने ठरवले. या वेळी भिंत वाकडी म्हणायचे नाही. जाताच, बसण्यापूर्वी, सांगून टाकायचे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो आणि बायको पेटी घेऊन थोरल्या घरी गेले. पेटी त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम काम होती. कोपरे असे मिळाले होते की जोड शोधूनही सापडू नये, आणि बैठक आरशासारखी. दादा काळा चष्मा लावून खिडकीशी बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पेटीकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"काय काम केलंस रे! हे सांधे तर..." मग त्यांची नजर काचेतून आत गेली. फुललेला चेहरा हळूहळू मिटला. ते उठले, पेटीला नाक टेकेपर्यंत वाकले, एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले.

"दादा," सुतार घाईने म्हणाला, "मला सांगायचंय..."

"थांब." दादांनी काचेवरून बोट फिरवले. "रिव्हेट नाहीत."

"दादा, ते..."

"एकही नाही. मला तर रोज दिसायचे रे. म्हणजे मी डोळ्यांनी बघतच नव्हतो! एकतीस वर्षं बघितलेलं होतं, तेच आठवणीतून बघत होतो. सांधे घासताना मी सगळे रिव्हेट घासून टाकलेत." त्यांनी पुन्हा पाहिले. "आणि खिडक्या! मला खिडक्या धुरकट दिसायच्या, मी म्हणायचो, डोळ्यामुळे. डोळ्यामुळे नाही, खिडक्याच धुरकट आहेत. पंख दिव्याजवळ धरून बघायचो, तोही मीच वितळवला असणार. आणि हा... हा आधार मी शेपटीला चिकटवला? एकतीस वर्षं ज्याची शेपटी उचलली, त्याला मी... अगं, तू कधी बोलली कशी नाहीस?"

"मला कुठे बघू दिलंत?" वहिनी म्हणाल्या. "त्या टेबलावरची धूळ पुसायचीसुद्धा बंदी होती." एवढे बोलून त्यांनी एकदा विमानाकडे, एकदा दिराकडे पाहिले, नको इतका वेळ पाहिले, आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

"दादा, ते तू नाही केलंस. मी केलं."

"काय?"

"सगळं. पाय मी मोडला. रिव्हेट मी घासले, मला वाटलं धूळ आहे. रेघा मी लांबीने बुजवल्या. रंगाने पंख मी वितळवला. तू दिलंस तेव्हा ते अगदी चित्रासारखं होतं."

दादा धाकट्या भावाकडे एकटक पाहत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, जे त्या डोळ्यांना डॉक्टरांनी सक्त मना केले होते.

"बस कर," ते म्हणाले. "मला कळतंय, तू काय करतोयस."

"मी खरं सांगतोय!"

"सहा वर्षांपूर्वी एक दार स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार नव्हतास. आणि आज म्हाताऱ्या भावाला वाईट वाटू नये म्हणून अख्खं विमान अंगावर घेतोयस."

"अगं, तू सांग ना!" सुतार बायकोकडे वळला.

"यांनीच केलंय, दादा," बायको तळमळून म्हणाली. "माझ्यासमोर."

"तूसुद्धा?" दादांनी डोळे पुसले. "दोघांनी घरून ठरवून आलात. केवढं मन तुमचं."

"दादा, मी लांबीचा डबा आणून दाखवतो! पॉलिश पेपरला तुझा चंदेरी रंग लागलाय अजून!"

"सुताराच्या घरी लांबी आणि पॉलिश पेपर नसेल तर काय असेल? आणि रंग काय, कुठलाही लागतो." दादांनी त्याचा हात हातात घेतला. "ऐक. मी गाडीत येताना विचार करत होतो. तेव्हाही माझे डोळे कमीच होते. भिंत वाकडी असेलही. मला दिसली नसेल."

"भिंत सरळ होती!" सुतार जवळजवळ ओरडलाच. "मी ओळंबा लावून बघितला होता! मी जास्त तासलं होतं, दादा! अर्धा इंच!"

"बघ," दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकतेस का? आता दारसुद्धा घेतलं त्याने अंगावर."

त्यानंतर दादांनी त्याला मिठी मारली. सुताराच्या हयातीत त्यांनी त्याला मिठी मारल्याचे त्याला आठवत नव्हते. ती ऊबदार व घट्ट होती, आणि तीत एका अत्यंत उदार, क्षमाशील, बदललेल्या मनुष्याला कवटाळलेले होते, ज्याच्याशी सुताराची ओळखदेखील नव्हती. दादांच्या खांद्यावरून त्याला पेटीतील विमान दिसत होते, पंख टाकून बसलेले.

वहिनी चहा आणि औषधाची बाटली घेऊन आल्या. डोळ्यात थेंब घालण्याची वेळ झाली होती. थेंब पडले की पाच मिनिटे डोळे मिटून पडायचे, असा नियम होता. दादा आरामखुर्चीत मान मागे टाकून पडले आणि मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "कपाटावरचा दुसरा खोका काढ गं. याला दे."

"दुसरा?" सुतार म्हणाला.

"चार पंख्यांचं आहे. याच्यानंतर हाती घेतलं, गेल्या महिन्यात पुरं केलं. तेव्हा तर डोळ्यांची पार वाट लागली होती. हे असं झालंय, तर त्यात मी काय काय करून ठेवलं असेल! मला उघडून बघायचा धीर नाही. तू बघ. तू आता माझ्याशी खोटं बोलणार नाहीस, एवढं वचन दे."

"देतो," सुतार म्हणाला.

वहिनींनी खोका त्याच्यापुढे ठेवला. त्याने झाकण काढले, कापूस बाजूला सारला.

विमान लांबलचक आणि देखणे होते. खिडक्या पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. आतील खुर्च्यांच्या पाठींवरचे पांढरे रुमालदेखील दिसत होते. रिव्हेट ओळीने उभे होते, एकही वाकडा नाही, एकही गाळलेला नाही. चारही पंखे फुंकरीने फिरले. एक डाग नाही, डिंकाचा एक ओघळ नाही. ज्याचे डोळे अशा वेळी इतके पाहत होते, त्याने आधीच्या विमानात एकही चूक केलेली नव्हती, हे लहान मुलालाही समजले असते. दादांनी फक्त डोळे उघडण्याचा अवकाश होता. मग सुताराचा शब्द न् शब्द त्यांना पटणार होता. विमानाचा, लांबीचा, दाराचा आणि भिंतीचाही.

हवा होता तो पुरावा सुताराच्या हातांत होता.

त्याने बायकोकडे पाहिले. बायको जमिनीकडे पाहत होती. त्याने वहिनींकडे पाहिले. वहिनी औषधाची बाटली हातात धरून त्याच्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हते, केवळ सहा वर्षे दोन घरांमध्ये वाट्या पोचवून थकलेल्या बाईची एक विनवणी होती.

"किती चुकलंय?" दादांनी मिटल्या डोळ्यांनी विचारले. "खरं सांग. मला सहन होईल."

सुताराने कापूस परत वर ओढला. अतिशय हळू झाकण लावले.

"बरंच चुकलंय, दादा," तो म्हणाला. "मी घेऊन जातो. वेळ लागेल."

दादांनी मान डोलावली. त्यांच्या मिटल्या पापणीखालून औषधाचा एक थेंब गालावर ओघळला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक वर्षांत न दिसलेली शांती पसरली.

"हं," ते म्हणाले. "आता कसं खरं बोललास."